ओला दुपट्टा

कळमेश्वरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन सांभाळणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. थंडाव्यासाठी मशीनमध्ये फिरणाऱ्या अमोनियाच्या वासानं त्याचं नाक केव्हाच मेलं होतं. मशीनरूममध्ये शिरताना तो खांद्यावरचा दुपट्टा बादलीत बुचकळायचा, नाकातोंडावर घट्ट बांधायचा आणि मगच आत पाय टाकायचा.

तिथे मी आमच्या प्रयोगशाळेत बनवलेली जेलची पट्टी लावली होती. खरवसासारखी ओलसर, आतून जाळीदार. अमोनिया शिरला की तिच्यातून वाहणारी वीज बदलते आणि भोंगा वाजतो. "फक्त सुकू देऊ नका. सुकली की मेली," असं मी त्याला बजावलं होतं.

मे महिन्यात गेले, तर पट्टीवर ओलं फडकं! मी चिडलेच. "अहो, गॅस या फडक्यातल्या पाण्यातच अडकेल. हिला कळणार कसं?"

त्यानं फडकं काढलं, पण पट्टीवरून हलकेच बोट फिरवलं. "वाळून राहिली होती बिचारी. मडक्याले नाही का गुंडाळत आपण ओलं फडकं, मॅडम?"

मला हसू आलं. ती पट्टी बनवताना मी तिला कधी बिचारी म्हटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात गॅस गळला. भोंगा वाजलाच नाही. मी पोचले तेव्हा त्याला बाहेर आणून ओट्यावर निजवलं होतं. नाकातोंडावर काहीच बांधलेलं नव्हतं.

आत पट्टीवर त्याचा दुपट्टा होता, नीट घडी करून ठेवलेला. अजून ओला.