अळूचा अर्धा, कढीपत्त्याचा अर्धा

आमच्या दारापुढे जमीन म्हणावी अशी जागा नाही. फरशी आहे, फाटक आहे आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना निळ्या प्लास्टिकच्या ड्रमचा एकेक अर्धा भाग आहे. चाकणच्या कंपन्यांतून असे ड्रम भंगारात निघतात. आमच्या भागात बऱ्याच घरांत त्यांत पाणी तरी साठवलेलं असतं किंवा झाडं तरी लावलेली असतात. आमचा ड्रम ह्यांनी आणला, तीन दिवस साबणानं धुतला आणि मधोमध खूण करून कापला. हे कंपनीत फिटर होते. तळाची भोकंसुद्धा माप घेऊन पाडली, चार इकडे, चार तिकडे. एका अर्ध्यात त्यांनी अळू लावलं, दुसऱ्यात मी कढीपत्ता.

दोन्ही एकदा लावली की वर्षानुवर्षं राहणारी, दोन्ही पानांसाठी लावायची. साम्य तेवढंच. अळूचं एक पान तोडलं की आठवड्याभरात दुसरं उलगडू लागतं; पण चिंच घातल्याशिवाय ते खाता येत नाही, घसा धरतो. कढीपत्ता पहिली दोन वर्षं हात लावू देत नाही, पण नंतर पान धुऊन थेट तेलात टाकता येतं. अळूला सावली चालते आणि ओल लागते, मोरीच्या पाण्यावरही ते पोसतं. कढीपत्त्याला ऊन हवं, आणि दोन पाण्यांच्या मध्ये माती सुकायला हवी. हे मला सुरुवातीपासून ठाऊक होतं. मी वाचूनच झाड लावलं होतं आणि संध्याकाळी एकदाच, अर्धी झारी पाणी घालत होते.

तरी माझे चार कढीपत्ते मेले. आधी खालची पानं पिवळी पडायची, मग शेंडा मान टाकायचा. शेजारच्या अर्ध्यातलं अळू मात्र दाराच्या कडीला लागेल एवढं वाढायचं.

मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल होते. कॉम्प्युटर आल्यावर जुनी कार्डं रद्दीत निघाली, तेव्हा पाठकोरी पाहून एक गठ्ठा मी घरी आणला होता. प्रत्येक झाडाचं मी एक कार्ड केलं. कधी लावलं, कधी खत घातलं, कधी गेलं.

"झाडाचं पण कार्ड काढलंस?" हे म्हणाले. "परत कधी करायचं, ते लिहिलंस का?"

"तुमच्या अळूला लागत नाही कार्ड. ते नाल्यातही येतं."

"म्हणून तर लावलं. तुझा कढीपत्ता म्हणजे व्याही. सगळं करा, तरी तोंड वाकडंच."

शेजारच्या मावशी मूळच्या निघोज्याच्या. शेत कंपन्यांत गेलं तेव्हा इकडे आल्या, पण झाडांवरची नजर गेली नाही. प्रत्येक रोप उपटताना त्या फाटकाशी हजर. "मॅडम, ह्यो पन गेला का? एवढी बुकं हायेत तुमच्याकडं, एकात औषद न्हाई?"

गेल्या दिवाळीनंतर हे गेले. सकाळी, घरीच, हृदयविकारानं. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी पाचवं रोप आणलं होतं आणि स्वतःच्या हातानं लावलं होतं. "हे शेवटचं," असं म्हणाले होते. "हे मेलं तर त्या अर्ध्यातही अळू."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यांचे मित्र आपापल्या शिफ्टला परतले, लेक नागपूरला गेली. मी नोकरी त्याच दिवाळीत सोडली होती. दिवसभर वाचायची. संध्याकाळी अर्धी झारी कढीपत्त्याला आणि अर्धी अळूला, हा नेम तेवढा चालू राहिला.

चैत्र लागला आणि कढीपत्त्याच्या शेंड्याला तांबूस पालवी आली. मी रोज पाहत होते, आता पिवळी पडेल, आता पडेल. पडली नाही. मात्र अळू खंगत चाललं. उन्हाळ्यात सुपाएवढी पानं देणारं ते झाड, आता तळहाताएवढी पानं काढत होतं आणि त्यांच्याही कडा करपत होत्या. मी शेणखत घातलं. दुपारच्या उन्हाला गोणपाट बांधलं. एक देठ आडवा झाला, मग दुसरा.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. मे महिन्यात आठ दिवस येते म्हणाली. आणि मग, "आई, पप्पांच्या अळूच्या वड्या करशील ना?"

मी हो म्हणाले. ड्रममध्ये तेव्हा चार पानं होती. बाजारात अळूची जुडी केव्हाही मिळते, पण तिनं जुडीच्या वड्या मागितल्या नव्हत्या. फोन ठेवून मी बाहेर गेले आणि ती चार पानं पुन्हा मोजली. एवढी वर्षं त्या झाडाला काही कमी पडलं नव्हतं. माझ्या हातात आल्यावरच ते का मरावं?

मावशी कपडे वाळत घालत होत्या. मी म्हणाले, "मावशी, ह्याला काय झालं असेल? पाणी तर तेवढंच घालते."

"तेवढंच कुठं? निम्मं झालं की."

"म्हणजे?"

"तुमी सांजच्याला घालता. भाऊ त्यांच्या टायमाला घालायचे. पैली शिफ्ट आसली की बस धरायच्या आदी, तुमी झोपेत. दुसरी आसली की दुपारचं निगताना, तुमी कालेजात. तिसरी आसली की सकाळी आल्यावर, तुमी सैपाकात. दोनी ड्रमांना, रोज. मी म्हनायची, हे झाडाला पानी घालत्यात का आंगुळ घालत्यात?"

रविवारी झारी घेऊन उभे असलेले ते मला दिसायचे. मला वाटे, आठवड्यातून एकदा हौस करतात.

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"इचारलं की. म्हनले, मॅडम पुस्तकात आसत्यात, झाडाची याद ऱ्हात न्हाई त्यांना. झाडं मेली म्हंजी त्यांना वाईट वाटतं."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"आता मला काय ठावं? मला वाटलं, नवरा-बायकोनी शिफ्टा लावून घेतल्यात."

मला हसू आलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच, मोठ्यानं. मावशी आधी दचकल्या, मग त्याही हसू लागल्या, हातातलं ओलं लुगडं तसंच धरून.

आत येऊन मी चार कार्डं शोधली. प्रत्येकावर शेवटी लिहिलेलं होतं, "कारण समजले नाही". ते खोडलं आणि खाली लिहिलं, "दोन माणसांचे पाणी". चौथ्या कार्डावर लिहिताना मला त्या रोपांचं वाईट वाटेना. ज्या ओलीनं ती चार मेली, त्याच ओलीवर अळू दाराच्या कडीपर्यंत गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे पाचला उठू लागले. कढीपत्त्याला संध्याकाळचंच पाणी ठेवलं, अळूला दोन वेळचं. पहिला आठवडा काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात मधोमध एक गुंडाळी वर आली आणि उलगडल्यावर कड कुठेही करपलेली नव्हती.

लेक आली तेव्हा सात पानं झाली होती, फार मोठी नाहीत. बेसनात चिंच-गूळ जरा जास्त घातला. एकच उंडा झाला. वाफवून, कापून, वर तीळ-मोहरीची फोडणी दिली आणि फोडणीत पाचव्या रोपाची पहिली डहाळी टाकली. मावशींसाठी दोन वड्या काढून ठेवल्या. लेकीनं पहिली वडी खाल्ली, म्हणाली, "आई, पातळ आहेत गं. पण त्याच आहेत."

ती परत गेली त्यालाही आता पंधरवडा झाला. पहाटे कोपऱ्यावर चाकणची बस हॉर्न वाजवते आणि पलीकडच्या गल्लीतून दोघं-तिघं डबे घेऊन धावत निघतात. तोवर माझी अळूवरची झारी रिकामी झालेली असते.