पुफीपर्यंत पोचलेली गोष्ट

मी मराठीत लिहिते याचं सगळ्यांना फार कौतुक. सिंधमधून आलेली निर्वासित पोरगी, श्रीरामपूरच्या बाजारात मराठी शिकली आणि आता कथा लिहिते. शाली मिळाल्या, सत्कार झाले. मराठीच का, हे कुणी विचारलं नाही. मराठीत लिहिलेलं तिकडचं कुणी वाचणार नाही, एवढंच त्याचं कारण होतं.

तिकडं सिंधमध्ये पुफी होती. पुफी म्हणजे आत्या, वडिलांची थोरली बहीण. आम्ही निघालो तेव्हा गल्लीत सांगितलं होतं, हरिद्वारला जाऊन येतो. परत जायचं नव्हतंच. पुफी मागं राहिली आणि इतकी वर्षं सगळ्यांना सांगत राहिली, 'व्हिसा अडकलाय, येतीलच.' वडील इथं वारले, तेही तिनं कुणाला कळू दिलं नाही. घर त्यांच्या नावावर होतं आणि तिथल्या जमीनदाराचा त्यावर डोळा होता. मालक परत येणार नाही हे कळलं असतं, तर त्यानं पुफीला बाहेर काढलं असतं.

आणि मी शहाणीनं हे सगळं दिवाळी अंकात लिहून टाकलं. नावं बदलली की झालं, असं वाटलं. हरिद्वार ठेवलं, ओसरीवरचा हिंदोळा ठेवला. 'माती सोडवेना म्हणून आत्या आली नाही,' असंही लिहिलं. त्या वाक्यासाठी तर लोकांचे फोन आले.

दिवाळी सरली आणि आईच्या मोबाईलवर माझीच कथा आली. उल्हासनगरच्या कुणा बाईंनी हौसेनं सिंधीत वाचून रेकॉर्ड केली होती. आईला मराठी वाचता येत नाही, त्यामुळं माझी कथा तिनं पहिल्यांदाच ऐकली. ऐकून म्हणाली, "हे तिकडं गेलं तर?"

पुफीला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंदच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, जेवत न्हाईस का? लई वाळलीस." त्यांना काय सांगणार, कपाळ? आई एकदाच म्हणाली, "तुला शाली पाहिजे होत्या ना." ते फार लागलं. मीही फाडकन बोलले, "मग काय जन्मभर तोंड शिवून बसू?"

शेवटी एका दुपारी पुफीचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. आम्ही दोघींनी ओट्याशी उभ्यानंच ऐकला.

"मी बरी आहे. तुझी गोष्ट इथं पोचली. जमीनदाराची माणसं येऊन गेली. गव्हाच्या कापणीपर्यंत राहा म्हणाली. पुढचं मी बघते. पण पोरी, एक खोटं लिहिलंस. माती सोडवेना म्हणून मी आले नाही म्हणे. मला चल असं म्हणालं कोण होतं?"

मला लहानपणापासून घरात हेच सांगितलेलं होतं, तेच मी लिहिलं होतं. मी आईकडं बघितलं.

आईनं गॅस बारीक केला. "घर राखायला कुणीतरी हवं होतं," ती म्हणाली.