तामलवाडीचा चिंचेनं घासलेला करकोचा

तामलवाडीच्या स्टँडजवळ बब्रुवानचा ‘अयोध्या फोटो स्टुडिओ’ आहे. दुकानाला बायकोचं नाव दिलं की ती दुकानातल्या उद्योगांबद्दल बोलणार नाही, असा त्याचा अंदाज होता. तो साफ चुकला.

उद्योग तसा निरुपद्रवी होता. जुन्या जपानी तलवारींच्या चकत्या जमवायच्या आणि त्यांचे फोटो काढायचे. हात घसरून धारेवर जाऊ नये म्हणून मूठ आणि पातं यांच्या मधे बसवलेली ही तळहाताएवढी चकती. जपानीत तिला त्सुबा म्हणतात. गावात ‘बब्रुवानचं वायसर’ म्हणतात.

गावाचं काही चुकत नव्हतं. सोलापूरच्या जुन्या बाजारात घड्याळं-कुलपं विकणाऱ्या महांतेशच्या पथारीवरून पहिली चकती उचलताना खुद्द बब्रुवानलाही ते बैलगाडीच्या चाकाला आसावर घालतात तसलं वायसरच वाटलं होतं.

“अण्णा, जपानी तलवारीची हाय ती,” महांतेश म्हणाला. “कुण्या मिलिटरीवाल्याच्या घरातून आली.”

“अन् तलवार?”

“तलवार असती तर म्या इथं धुळीत बसलो असतो व्हय?”

चकतीवर काळपट तपकिरी गंज होता आणि पंख पसरलेला एक करकोचा कोरलेला होता. बब्रुवानचा जीव त्या करकोच्यावर जडला. मग त्यानं मोबाईलवर वाचायचा सपाटा लावला. जगभरच्या शौकिनांचा एक ग्रुप सापडला. आणखी चकत्या आल्या आणि पेढ्यांच्या डब्यात जाऊन बसल्या. एक दिवस चहाच्या टपरीवर तो ऐटीत म्हणाला, “ही दोन-तीनशे वर्षांमागची, जपानातल्या एदो काळातली हाय.”

टपरीवाल्या बलभीमनं कान टवकारले. “येडा काळ? तो तर तुमचा चालूच हाय की!”

बब्रुवान सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. गावाच्या आधी आपण हसून घेतलं की पुढचं सोपं जातं, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

खरी फजिती फोटोंची होती. उभी हयात लग्नांत गेलेली. घामाघूम नवरदेव त्यानं राजबिंडे करून दिले होते. पण या लोखंडापुढं त्याचे सगळे दिवे फिके पडले. उजेड वाढवला की चकती चकाकायची, कमी केला की करपलेल्या भाकरीला भोक पाडल्यासारखी दिसायची. करकोचा काही दिसायचा नाही. एवढ्या वर्षांत आपल्याला फक्त हसणारी माणसं टिपता येतात, हे त्यानं मनाशी कबूल करून टाकलं.

अशात खंडेनवमी आली. कॅमेरा पूजेला मांडायचा, तर तलवारीचा अंशही मांडावा, असं त्याच्या मनात आलं. आणि पूजेत गंजकी वस्तू कशी ठेवायची? त्यानं चिंच भिजवली, राख घेतली आणि मोरीत बसून करकोचा घासायला लागला. एवढ्यानं भागेना म्हणून पॉलिश पेपर काढला.

अयोध्या दारात येऊन म्हणाली, “हात लागलाच हाय तर तांब्या-पितळेची भांडी बी उरकून टाका.”

चकती नव्या ताटासारखी लखलखली. हळदकुंकू वाहून त्यानं फोटो काढला, तर काय, करकोच्याचं पीस न् पीस उठून आलं! फोटो त्यानं अभिमानानं ग्रुपवर टाकला आणि कौतुकाची वाट बघत बसला.

शेवटी ओसाकाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा निरोप आला. बब्रुवाननं तो मोबाईलवर मराठीत करून घेतला. ‘फार वाईट वाटले. आपल्या घराला आग लागली होती का? घरातील माणसे सुखरूप आहेत ना?’

त्यानं निरोप पुन्हा वाचला, तेव्हा उलगडा झाला. शेकडो वर्षांचा तो गंज हीच त्या लोखंडाची कांती होती, आणि तो जाण्याचं एकच कारण त्या सभ्य माणसाला सुचलं होतं. कुणी शुद्धीत असताना हे करील, असं त्यांना वाटलंच नव्हतं. बब्रुवानला वाटलं, आगच बरी. त्यानं ‘होय, आग’ एवढं लिहिलंही.

“अवं, सणासुदीला घराला आग लावताय?” खांद्यावरून वाचत अयोध्या कडाडली. “चिंच लावली म्हणून लिहा की सरळ! त्येंच्याकडं काय चिंच न्हाय का?”

त्यानं लिहिलं. चिंच, राख, पॉलिश पेपर, सगळं. खाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

उत्तर सकाळी आलं. म्हातारबाबांनी लिहिलं होतं की तरुणपणी त्यांनी वडिलांची चकती सिरक्यात बुडवली होती आणि वडील महिनाभर बोलले नव्हते. ‘आता काहीही लावू नका. मऊ सुती कापडाने रोज चोळत राहा. रंग हळूहळू परत येईल. कदाचित आपल्या नातवंडांना दिसेल.’

तेव्हापासून गिऱ्हाईक नसलं की बब्रुवान शटरजवळच्या खुर्चीवर बसतो. मांडीवर जुन्या धोतराचा तुकडा, त्यात झाकलेला हात, आणि आत चकतीवर बोटं फिरत असतात. दिवे त्यानं बंदच ठेवलेत. दारातून तिरपी तिरीप आली की चकती तिच्यात धरून फोटो काढतो आणि ओसाकाला पाठवतो. फोटो आता बरे येतात. लोखंड मात्र अजून ताटासारखंच आहे.

परवा धुरपदाबाई फोटो काढायला आल्या. कापडाखाली फिरणारी बोटं बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या आणि त्यांनी हात जोडले.

“जप चाललाय व्हय बाबा? मग थांबते. गुरू कुठले तुमचे?”

“ओसाकाचे,” बब्रुवान म्हणाला.

“असू दे. लांबचा असला तरी गुरूच,” म्हणत बाई स्टुलावर बसल्या आणि डोक्यावरचा पदर नीट करू लागल्या.