धुक्याची जागा

बुलढाण्याच्या बाजारपेठेतील निम्म्या पाट्यांवरची अक्षरे बद्रुद्दीन पेंटरांच्या हातची. आयुष्यभर त्यांनी इतरांची नावे लिहिली. स्वतःसाठी म्हणून चित्र काढले ते एकच. आपल्या गावाहून, देऊळघाटाहून, सायकलने येताना पौषातल्या पहाटे दिसणारे, अद्याप मौन न सोडलेले शहर त्यांनी रंगवले. त्यात घर नव्हते, माणूस नव्हता. राखाडी, निळसर पट्टे, कोपऱ्यात विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस ठिपका आणि मध्यभागी विस्तीर्ण, निःशब्द शुभ्रता. ते चित्र त्यांनी वाचनालयाला अर्पण केले.

ते भिंतीवर लागले त्या दिवशी वाचनालयाचे आश्रयदाते, बियाण्यांचे व्यापारी उत्तमराव, मान वाकडी करून त्यासमोर उभे राहिले.

"बद्रूभाई, एवढी पांढरी जागा काऊन सोडली?"

"धुकं हाय ते, भाऊ."

"मंग त्या धुक्यात माह्यं नाव टाका ना! 'उत्तमराव यांच्या सौजन्याने.' लाल रंगात. थंडीत लोकायले जरा ऊब तरी येईन!"

मंडळी हसली. आदल्याच दिवशी या चित्राला 'ध्यानस्थ' म्हणणारे चिटणीस वामनरावही हसले. कीर्तीच्या तृष्णेला मौनसुद्धा रिकामे भांडे वाटते, आणि विद्वत्ता तिच्यापुढे पाणी भरते.

पण त्याच क्षणी विपरीत घडले. बद्रुद्दीन यांच्या डोळ्यांनी, कुणी न सांगता, ती शुभ्रता मोजली. दोन ओळी बसतील. 'सौ'च्या मात्रा जरा दाबाव्या लागतील. माप घेण्यासाठी अंगठा हवेत उचललाही गेला.

"पाह्यलं? हात तयारच हाय त्याईचा!" उत्तमराव खिदळले.

बद्रुद्दीन यांच्या मस्तकात अंगार पेटला. उत्तमरावांवर, वामनरावांवर, आणि सर्वांत प्रखर त्या स्वतःच्या लाचार अंगठ्यावर. त्यांनी पुढे होऊन चित्र खाली उतरवले.

"अहो, दिलेलं दान परत नेता?" वामनराव म्हणाले.

"धुकं देल्लं होतं, साहेब. पाटी नव्हती देल्ली."

"मंग माह्या नव्या दुकानाच्या पाटीचं काम दुसऱ्याले देऊ काय बे?" उत्तमरावांच्या तोंडचा 'भाई' एव्हाना गळून पडला होता.

"आजच द्या."

परतताना घाटातल्या वाऱ्याने सायकलीला बांधलेले चित्र शिडासारखे फुगू लागले. बद्रुद्दीन सायकलीवरून उतरले आणि घरापर्यंत पायी, दात आवळून चालले.

घरी बायकोने, बिस्मिल्लाने, चित्र भिंतीशी धरले. त्यांनी खिळा ठोकला. पोपडा निघाला, गिलावा ढासळला.

"हळू हो! भीत पाडता काय?" ती ओरडली.

त्यांनी दुसरा खिळा घेतला आणि अधिकच जोराने हाणला.