साथीची खांदेमळणी

आमच्या घरात उंदरालाही बैलाचाच कायदा लागू झाला. दाव्याला बांधलेलं ते घरचं जनावर, मोकळं फिरेल ते चोर. हा कायदा मायनं केला, आणि तशी वेळ आणली ती मी.

लातूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यातले पांढरे उंदीर पाहून मी पेटले. (माझ्या मामाचा नांदेडला छापखाना. मी अक्षरं पत्रकांवर शिकले आणि माझं नाव क्रांती ठेवलं तेही मामानंच. मी पेटणार नाही तर कोण?) मी ‘पिंजरे उघडा!’ असं पत्रक काढलं आणि प्रयोगशाळेच्या दारात ठिय्या मांडला. पोलीस रात्रभर कोठडीत ठेवतील म्हणून घरून शाल आणली होती. आला तो तिथला मदतनीस. त्यानं एक उंदीर माझ्या ओंजळीत ठेवला.

“बरं झालं ताई, ह्यो उरलाच होता. पिंजरा बी घेऊन जा.”

पिंजरा मी तत्त्व म्हणून नाकारला!

उंदराचं नाव साथी ठेवून मी त्याला औशाजवळच्या आमच्या गावी आणलं. पिंजरा नसल्यामुळे तो पहिल्याच दिवशी ज्वारीच्या पोत्यात गाढ झोपलेला सापडला.

“क्रांतेऽ! या घरात ह्यो राहील न्हाई तर मी!”

“माय, त्यालाही स्वातंत्र्य आहे.”

“माझ्या ज्वारीत कसलं सवातंत्र्य? पोळ्यापस्तोर दाव्याला बांधून दाखव. न्हाई बांधलास तर शेतात सोडून येते.”

शेतात घुबडं होती, साप होते. साथीनं आयुष्यात साधी मांजरसुद्धा पाहिली नव्हती. तेव्हा पिंजऱ्यांविरुद्ध पत्रक काढणारी मी, दावं वळायला बसले.

आधी साथीला समोर बसवून बंधन आणि आधार यांतला फरक समजावून सांगितला. तो मिशा पुसत राहिला. मी तीच संमती धरली. मग सलवारीची जुनी नाडी त्याच्या गळ्यात बांधली, आणि साथी तिच्यातून असा चालत बाहेर आला, जसं कुणी उघड्या दारातून येतं. तेव्हा मला कळलं की उंदराला मानच नसते! डोकं संपतं तिथंच पोट सुरू होतं.

बाजेवरून अण्णा हे बघत होते. ट्रॅक्टर आल्यावर आमची बैलजोडी विकली, तेव्हापासून माझ्या वडिलांचे हात मांडीवर नुसते पडून असत. कासरा वळणारे हात ते. त्यांनी माझ्याकडून सूत घेतलं.

त्या दुपारी वारा अगदी मंद होता. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे अंगणभर पडले होते आणि अण्णा त्यातल्याच एकाला पीळ देतायत असं वाटत होतं. साथी त्यांच्या मांडीवर झोपला होता. त्याच्या पोटाचं वर-खाली होणं आणि सुताचा पीळ यांची लय एक झाली होती. मला वाटलं, गोठ्यात दोन बैल रवंथ करत उभे आहेत. गोठ्यात ट्रॅक्टर होता.

“मान न्हाई त्याला कासरा काय कामाचा?” माय दारातून म्हणाली. “बंडी शिवा त्याला!”

आणि तिनंच शिवली. साथीच्या अंगाभोवती दोरा धरून माप घेतलं, उरलेल्या खणाची हिरवी बंडी बेतली, पुढच्या पायांना दोन भोकं ठेवली, पाठीवर गुंडी लावली. त्या गुंडीला अण्णांचा कासरा, कासऱ्याला लाल गोंडा आणि एक घुंगरू. साथी अंगणात ऐटीत चालला. आम्ही जिंकलो होतो! तिथंच थांबायला हवं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं. सवयीनं अण्णा वाटी घेऊन गोठ्यात गेले आणि तशीच घेऊन परत आले.

“औंदा कुणाचे खांदे मळू?”

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी साथी पुढे केला.

“आज आवतण घ्या, उद्या जेवाया या,” अण्णा बैलांना म्हणायचं ते हळूच त्याच्या कानात म्हणाले. साथीनं डोळे मिटले. त्याचे खांदे नेमके कुठे सुरू होतात हे न कळल्यामुळे अण्णांनी अख्खा उंदीर मळला.

पोळ्याला सगळ्या गावाचे बैल मारुतीच्या पाराकडे निघाले. अण्णांनी फेटा बांधला. “आपल्या घरचं बी एक जनावर जाऊ दे.” सोनेरी धुळीतून शिंगांचे बेगड चमकत होते आणि मी स्वप्नात असल्यासारखी एक पिवळा उंदीर घेऊन चालले होते.

“क्रांतीबाई, कंच्या जातीचं म्हणायचं? देवणी का लाल कंधारी?” बैल धरलेल्या गड्यांतून कुणीतरी विचारलं.

“कामाला कसा हाय? वखर वढतो का?”

तेवढ्यात हलगी कडाडली. साथी दचकला आणि तुपानं मऊ झालेला माझा साथी बंडीतून सुळकन निसटला! माझ्या हातात रिकामी बंडी घुंगरू वाजवत राहिली. समोर शेकडो खूर!

“थांबा! बैल थांबवा!”

आजवर माझ्या घोषणेनं चार माणसं थांबली नव्हती. आज अख्खा पोळा थांबला. गडीमाणसं गुडघ्यांवर बसली, मोबाइलचे दिवे लावून बैलांच्या पोटाखाली शोधू लागली. मी रडत होते. माय ओचा खोचून खुरांमध्ये शिरली होती. “साथ्याऽ, ये रे लेकरा!”

मग एक म्हातारे म्हणाले, “अण्णा, वारं न्हाई, अन् तुमच्या फेट्याचा शेमला कशानं हलून राहिलाय?”

तो शेमला नव्हता, शेपूट होतं. अण्णांच्या धोतरावरून, सदऱ्यावरून पिवळी तुपकट पावलं वर गेली होती. फेट्यात साथी, आणि फेट्याखाली अण्णा, वर्षात पहिल्यांदा हसत होते.

माय खोचलेला ओचा सोडत म्हणाली,

“न बांधता आपल्या माणसापाशी येतं, त्याला दावं कशाला? राहू दे मोकळं.”

साथी आज घरभर मोकळा फिरतो. घुंगरू मात्र मायनं माझ्या झोळीला बांधलं. म्हणाली, “सुटलं की घरी न येणारं जनावर घरात एकच हाय.”

आता मी ‘बंधनं झुगारा!’ ही पत्रकं वाटायला निघते तेव्हा वेशीपर्यंत खुळखुळ ऐकू येते.