कर्टिसच्या गोठ्याचा खरा रंग

आर्डिथ नेल्बीने रोवन क्रीकच्या शाळेची बस इतकी वर्षं चालवली, की गावातली निम्मी मोठी माणसं अजूनही तिला पाहिलं की खिशातले हात बाहेर काढत. शेरीफच्या हाताखालचा दांडगा डेप्युटीसुद्धा तिची गाडी जोरात गेली तर नुसता हात हलवायचा. तिला अडवून लायसन मागायची त्याची छाती नव्हती, कारण शाळेत असताना तो तिच्या बसमध्ये तिसऱ्या सीटवर बसायचा आणि कुठल्या वळणावर त्याला उलटी व्हायची हे तिला पाठ होतं. सगळे तिला ‘बाई’ म्हणत. शिकवलं तिने कुणालाच काही नव्हतं, फक्त गप्प बसायला.

निवृत्त झाली त्याच उन्हाळ्यात एका मयत डॉक्टरच्या घरच्या सामानाची विक्री होती. तिथून ती फिल्मचा जुना कॅमेरा घेऊन आली. नवरा लाइल म्हणाला, “चार दिवस खेळशील आणि कपाटात टाकशील.” चार दिवसांनी तिने तळघराच्या खिडकीला काळं कापड ठोकलं आणि बिटाच्या लोणच्याच्या बरण्या सरकवून तिथे फोटो धुवायचे ट्रे मांडले. लाइलला जेवताना बीट लागायचं. तो दिवा लावून खाली उतरला की फोटोंवर उजेड पडून दिवसभराचं काम वाया. शेवटी बीट वर आलं आणि लाइलला खाली जायची बंदी झाली.

ती फोटो काढायची ते फक्त जुन्या इमारतींचे. पडीक शाळा, धान्याच्या लाकडी कोठ्या, गवताचे माळे असलेले उंच गोठे, छप्पर खचलेली घरं. आणि तेही काळे-पांढरेच. लायब्ररीतली लोर्ना एकदा म्हणाली, “बाई, इतकं सुंदर गवत पिवळंधमक झालंय, आणि तुम्ही त्याची राख करून ठेवता.”

“मी हे सगळं बसच्या काचेतून पाहिलंय,” आर्डिथ म्हणाली. “डिसेंबरात, सूर्य उगवायच्या आधी. त्या वेळी रंग नसतात. गोठा काळा, बर्फ पांढरा, मुलं करडी. मला दिसलं तेच मी दाखवते.”

लोर्नाने वाद घातला नाही. ती सहाव्या सीटवरची. उलट तिने लायब्ररीच्या मदतीसाठी कॅलेंडर छापायची कल्पना काढली. आर्डिथने फोटो निवडले आणि जानेवारीच्या पानावर कर्टिस सॉर्लीचा गोठा टाकला.

आता या गोठ्याबद्दल सांगायला हवं. कर्टिसच्या आजोबांनी तो बांधला, बापाने तो तसाच ठेवला, आणि आदल्या उन्हाळ्यात कर्टिसने त्याला रंग दिला. लालभडक, दोन हात. खिडक्यांना पांढऱ्या चौकटी. शिडीवरून एकदा धाडकन खाली आला, पाठ आखडली, तरी काम सोडलं नाही. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस गाडी हळू करून बघायचा. फक्त उत्तरेची भिंत राहिली होती, कारण तिकडे रस्ता नाही, गाईंशिवाय कुणी बघत नाही, आणि तोवर रंगही संपला होता.

आर्डिथने फोटो काढला तो नेमका उत्तरेच्या भिंतीचा. तिथल्या फळ्यांना वाऱ्याने अशा काही रेघा पाडल्या होत्या की ती दुपारभर तिथून हलली नव्हती.

कॅलेंडर नाताळात घरोघर गेलं, परगावच्या नातेवाइकांनाही पोचलं. पहिला फोन कर्टिसच्या मावशीचा, थेट स्पोकेनहून. मावशीने आधी त्याची तब्येत विचारली, मग गाई विकल्या का ते विचारलं, आणि शेवटी हळूच म्हणाली, “बाळा, अडचण असली तर सांगायची असते रे. लाजायचं नाही.” कर्टिसने तिला अर्धा तास रंगाबद्दल सांगितलं. मावशी हो हो म्हणत राहिली. पुढच्या आठवड्यात तिच्याकडून लोकरी मोज्यांचं पार्सल आलं.

मग जानेवारीत, बर्फ तुडवत, बोझमनहून एक माणूस मोठा ट्रक घेऊन आला. त्याचा धंदा जुन्या गोठ्यांच्या फळ्या काढून श्रीमंतांच्या बैठकीच्या खोल्यांना लावायचा. हातात कॅलेंडर होतं.

“हा गोठा कुणाचा होता?” त्याने विचारलं.

“आहे,” कर्टिस म्हणाला. “माझा आहे. आत गाई आहेत.”

“आम्ही चार दिवसांत उतरवून नेतो. जागा साफ करून देतो. तुम्हाला बघायलासुद्धा लागणार नाही.”

कर्टिसने त्याला दंडाला धरून गोठ्याच्या पुढच्या बाजूला नेलं आणि उभं केलं. त्या माणसाने लाल भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

“रंग दिलात?” तो म्हणाला. “अरेरे. चांगलं लाकूड वाया घालवलंत.”

त्याच संध्याकाळी कर्टिस नेल्बींच्या स्वयंपाकघरात उभा होता. टोपी हातात. खुर्ची समोर होती, पण आर्डिथने ‘बस’ म्हटलं नव्हतं.

“बाई, तुम्ही मला भिकेला लावलंत.”

“मी फोटो काढला.”

“मागून काढला. लग्नातल्या नवरीचा मागून काढतं का कुणी?”

“नवरी मागून बरी दिसत असेल तर काढावा,” आर्डिथ म्हणाली. लाइल बशीत तोंड घालून हसला.

“मी दोन महिने घासलाय तो गोठा. पाठ गेली माझी. आणि लोकांना दिसतं काय, तर सॉर्लींचं दिवाळं. मला पुढून फोटो हवा. रंगीत.”

“मी रंगीत काढत नाही.”

“काढ गं,” लाइल म्हणाला. “गोठा त्याचा आहे. तुझी बस नाही ती.”

हे वाक्य आर्डिथला लागलं. दुसऱ्या दिवशी तिने रंगीत फिल्म मागवली.

बर्फ जाऊन गवत वर येईपर्यंत वाट पाहावी लागली. मे महिन्यात ती गेली तेव्हा कर्टिस इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा होता. आर्डिथने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि डोळा बाजूला केला. गोठा लाल होता, ठीक. पण त्याच्यापुढे निळी ताडपत्री, हिरवा ट्रॅक्टर, चाऱ्याच्या पिवळ्या पाट्या, बदकांसाठी ठेवलेला लहान मुलांचा गुलाबी हौद, भिंतीला टेकलेली केशरी शिडी. जत्रा भरली होती.

“हे सगळं उचल,” ती म्हणाली.

“का? रोज असंच असतं. तुम्हीच म्हणता ना, दिसतं ते दाखवायचं.”

आर्डिथचंच वाक्य तिच्या बसमधल्या एका जुन्या मुलाने तिला परत केलं होतं. तिने बटण दाबलं.

लोर्नाने तो फोटो दाराएवढा मोठा करून घेतला आणि लायब्ररीच्या भिंतीवर लावला. शेजारीच लावलेल्या कॅलेंडरच्या फोटोंसमोर लोक ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकत. या फोटोसमोर मात्र गर्दी हटेना. कर्टिस बाजूलाच उभा राहून कुठे किती रंग लागला ते सांगत होता. तेवढ्यात त्याचा शेजारी, म्हातारा हार्लन मीक्स, चष्मा पुसून पुढे झाला आणि फोटोला नाक लावलं.

“ही शिडी माझी आहे.”

“नाही हो, हार्लनकाका. अशा शिड्या पुष्कळ असतात.”

“केशरी रंग मी दिलाय. हरवू नये म्हणून दिलाय. तू म्हणालास, वादळात उडाली.”

मग मागून चर्चची वाढपी बाई म्हणाली, “आणि ती निळी ताडपत्री आमच्या सहलीच्या मांडवाची आहे.” मग कुणीतरी ट्रॅक्टरशेजारी पडलेला, गाडी उचलायचा आपला जॅक ओळखला. पिवळ्या पाट्यांवर दोघांनी हक्क सांगितला आणि ते आपसातच भांडू लागले. कर्टिस मान खाली घालून मोज्यांकडे बघत होता. मावशीचेच मोजे होते.

गर्दी पांगल्यावर तो आर्डिथजवळ आला. “बाई, हाच फोटो काळा-पांढरा करता येईल का?”

“नाही,” आर्डिथ म्हणाली. “शिडी देऊन ये. मी थांबते.”

तो खरंच गेला. आर्डिथ मागे एकटी त्या फोटोसमोर उभी राहिली. वरच्या खिडकीच्या चौकटीपासून रंगाचा एक जाड ओघळ थेट खालपर्यंत आला होता. कर्टिस पडला होता ती जागा. पडता पडता ब्रश त्याने सोडला नव्हता. ते बघून ती एकटीच हसली. घरी जाऊन लाइलला म्हणाली, “लाल रंग अगदीच वाईट नसतो.” लाइलने बीट खाणं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी तिने जाहीर केलं, की ज्याची जागा त्याने ठरवावं, रंगीत हवं की काळं-पांढरं. तिला वाटलं होतं सगळे रंगीत मागतील. पण लोक फोन करत, आवाज खाली आणत आणि म्हणत, “बाई, आमचं काळं-पांढरंच बरं.” कारण कुणी सांगत नसे. आर्डिथही विचारत नसे.

डिसेंबरच्या पानावर तिने स्वतःचं गॅरेज टाकलं. लाइलने नुकताच त्याला आकाशी रंग दिला होता, म्हणून त्याला फार आशा होती. पान उघडून बघतो तर काळं-पांढरं.

“अगं, आता तर तुला रंग आवडायला लागले होते ना?”

“हळू बोल,” आर्डिथ म्हणाली. “दार उघडं आहे फोटोत. आत चर्चच्या हिरव्या खुर्च्या आहेत.”