तपासून दाखवणारे सर

मिरजगावच्या शाळेत माझ्याबरोबर विज्ञान शिकवणारे सर हातात येईल ते आधी चिमटीत दाबून बघत, खडू असो की भाकरी. “बुद्धांच्या शिकवणीत पृथ्वी हे तत्त्व म्हणजे माती नव्हे, कडकपणा,” असं म्हणून खुशीत हसत.

दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला विहारात एका पाहुण्या वक्त्यानं सांगितलं, की अणूचा शोध बुद्धांनीच लावला. टाळ्या पडल्या. सर उठले.

“नाही. पदार्थ सतत बदलतो, हे बुद्धांनी सांगितलं. अणू प्रयोगांतून कळला. तपासल्याशिवाय मानू नका, हेही बुद्धांचंच सांगणं.”

लोक वळून सरांकडं बघू लागले. आपल्याच माणसांत सर एकटे पडले, असं वाटून मी धास्तावलो. तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, “मंग गुरुजी, आमाला कवा दावताय तपासून?”

सर इतके हरखले, की पौर्णिमेची खीर न घेताच सायकलवर टांग मारून, तिथंच प्रयोग दाखवायला शाळेतला स्पिरिटचा दिवा आणायला निघाले.